‘कुंकू’ (१९३७) : त्यातलं काय गेलं, काय उरलं?

रिळवाला_मंगळवारपेठ

प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ म्हटलं की सगळीकडं एकच ओळ ऐकू येते : जरठ-कुमारी विवाहावरचा, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीच्या लग्नावरचा सिनेमा. ती चाल मोडली, म्हणजे सिनेमाचंही काम झालं, असं धरून लोक त्याला नमस्कार करतात आणि पुढं जातात. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नीरा पोरकी मुलगी. मामा पैशाच्या लोभानं तिला फसवून एका बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतो. या वकिलाला, काकासाहेबांना, तिच्या वयाची मुलं आहेत. इथपर्यंतची गोष्ट त्या काळातली म्हणून सोडून देऊ. पण पुढं नीरा जे करते ते बघा. ती पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही, नशिबाला बोल लावत कोपऱ्यात बसत नाही. त्याच घरात राहून नवऱ्याला तोंडावर सांगते, की हे लग्न मला मान्य नाही आणि मी तुमची बायको म्हणून नांदणार नाही. एकदा नाही, रोज. घरातली म्हातारी काकू तिला टोचते, शेजारपाजार टोचतो, सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती छडीनं त्याला फोडून काढते. तिच्या बाजूनं ठाम उभी राहते ती काकासाहेबांची शिकलेली, समाजकार्य करणारी मुलगी. हे काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. त्या स्वतः र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाच्या कामात उतरलेल्या बाई. म्हणजे पडद्यावर त्या जे बोलतात ते त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे.

तेव्हा माझ्या मते सिनेमाचा विषय म्हातारा नवरा हा नाहीच. लग्न लागलं म्हणजे बाईचा होकार कायमचा मिळाला असं धरायचं की नाही, हा त्याचा विषय आहे. आणि हा प्रश्न इतक्या वर्षांत कुठंही गेलेला नाही.

संगीताबद्दल बोलल्याशिवाय या सिनेमाबद्दल बोलणं अर्धवट राहील. गाणी शांताराम आठवल्यांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. पण भोळे आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी एक मोठं धाडस केलं : पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घरातले आवाज, रस्त्यावरचे आवाज, घड्याळाची टिकटिक, एवढंच. गाणंही कुणीतरी प्रत्यक्ष गातंय, फोनो (ग्रामोफोन) वाजतोय, भिकारी दारावरून चाललाय, असंच येतं. त्यामुळं त्या वाड्यातली कोंडी कानाला कळते. नीरा गप्प असते तेव्हा आपल्याला सावरायला सारंगी येत नाही. आणि मास्टर परशुरामचं ‘मन सुद्ध तुझं’ हे गाणं येतं तेव्हा बाहेरची हवा आत आल्यासारखं वाटतं. नीरा अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तो प्रसंग तर त्या काळच्या प्रेक्षकाला केवढा धक्का असेल! एक सून, माजघरात, इंग्रजीत, जगण्याच्या लढाईबद्दल गाते आहे.

आता कोल्हापूरचा धागा. व्ही. शांताराम इथले, प्रभात फिल्म कंपनी इथं १९२९ साली निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. ‘कुंकू’ पुण्यात झाला. पण मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. पाठोपाठ सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. सिनेमाच्या नावातलं कुंकू २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आलं.

तुम्हाला काय वाटतं? या सिनेमातलं खरोखर काय गेलं आणि काय उरलं?

---

पंचगंगा_घाट

चांगला विषय काढलात. एक भर घालतो. शांतारामबापू ‘कुंकू’पर्यंत एकदम पोहोचले नाहीत. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते तयार झाले. पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, त्यातला कर्जापायी जमीन गमावून शहरात मजूर होणारा शेतकऱ्याचा पोरगा म्हणजे हेच शांताराम. देशात बहुतेक कंपन्या देवादिकांच्या कथा काढत होत्या तेव्हा कोल्हापुरात सावकारावर सिनेमा निघत होता. ही दृष्टी बापूंनी इथून नेली, असं मी मानतो.

आणि ही दृष्टी आली कुठून? शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला. दोन वर्षांत स्त्रियांना क्रूर वागणूक देण्याविरुद्ध कायदा केला, तोही घरातल्या छळाचा विचार करून. १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत गेला. सून इंदुमतीदेवी तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या. राजघराण्यातली विधवा सून म्हणजे पडद्याआड आयुष्य, हे ठरलेलं. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून तिला कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवलं आणि शिकवलं. हे ‘कुंकू’च्या जवळपास वीस वर्षं आधी.

म्हणून हेरवाडचा ठराव शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दी वर्षात झाला, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

---

शिरोळची_सून

रिळवाला दादा, पंचगंगा काका, दोघांचंही वाचलं. मी त्याच पट्ट्यातली. ठरावाचं कौतुक मलाही आहे आणि ते कमी करायचं नाही. कोरोनात आमच्याकडं तिशीतले, चाळिशीतले कर्ते पुरुष गेले. त्यांच्या बायकांकडं बघून गावाला काहीतरी वाटलं म्हणून हे झालं. वरून कुणी हुकूम दिला म्हणून झालं नाही.

पण ठराव ग्रामपंचायतीत होतो आणि कुंकू घरात पुसतात. माझ्या सासरच्या भावकीतली एक जाऊ. नवरा गेला तेव्हा कुणी तिच्या बांगड्या फोडल्या नाहीत. सगळ्यांनी सांगितलं, आता तसं काही करायचं नाही. नंतर संक्रांत आली. हळदीकुंकवाला तिला कुणी ‘येऊ नको’ म्हटलं नाही, फक्त निरोपच आला नाही. लग्नात हळद लावायला सवाष्णींना हाका मारल्या तेव्हा ती आपणहून भांडी घासायला मागं गेली. कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत अंगात भिनलेलं आहे ते.

‘कुंकू’मधली काकू मला म्हणून फार महत्त्वाची वाटते. ती दुष्ट बाई नाही. तिला जे शिकवलं तेच ती नीराला शिकवते, आणि नीरानं ऐकलं नाही तर आपलं सगळं आयुष्य फुकट गेलं असं तिला वाटणार. आमच्या घराघरात ही काकू आहे. तिला बाजूला सारून काही होणार नाही. पहिली ओटी तिच्या हातानं त्या जावेची भरली गेली पाहिजे.

मी यंदा हळदीकुंकवाला त्या जावेला आधी बोलावलं आणि तिच्याच हातानं वाण वाटलं. दोन बायका उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

---

ऊसपट्टा_कागल

मी जरा वेगळं बोलणार हाय. राग मानू नका.

तुम्ही सगळे पोरीच्या बाजूनं बघताय, बरोबर हाय. पण आमच्याकडं गावात चौतीस-पस्तिशीची पोरं बिनलग्नाची हायत. चार एकर ऊस, घर बांधलेलं, दारात गाडी, तरी पोरगी मिळंना. शेतकरी म्हटलं की स्थळ परत जातंय. मग एजंट येतोय. लांबच्या जिल्ह्यातनं, कधी दुसऱ्या राज्यातनं पोरगी दाखवतोय, लाखात पैसे घेतोय. काही ठिकाणी लग्नानंतर पोरगी दागिने घेऊन गेल्याच्या बातम्या आपण वाचतोय. फसतंय ते पोरगंच की.

माझ्या चुलतभावाचं वय झालंय. रात्री घरी कुणी बोलत न्हाई. आईचा जीव तुटतोय. त्याला ‘तू काकासाहेब हायस’ म्हणणं मला सहन होणार न्हाई.

---

रिळवाला_मंगळवारपेठ

ऊसपट्टा भाऊ, राग कसला. तुमच्या चुलतभावाला मी काकासाहेब म्हणणार नाही. त्याचं दुःख खरं आहे.

पण एजंट कोण आहे ते बघा. तो मामा आहे. सिनेमातला मामा जे करतो तेच तो करतो : मुलीला विचारायचं नाही, मुलाकडून पैसे घ्यायचे, दोघांनाही अर्धी माहिती द्यायची. फसलेल्या पोराची बातमी येते. लांबून आणलेल्या त्या पोरीला काय सांगून आणलं, तिच्या बापाला किती मिळाले, तिला इथली भाषा येते का, हे कुणी विचारत नाही. आणि आज गावात मुली कमी का आहेत, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या सोनोग्राफी सेंटरांच्या जुन्या दिवसांत आहे. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत मुलींचं प्रमाण बघून आपलं नाव राज्यात कसं घेतलं जात होतं, ते तुम्हालाही आठवत असेल.

---

साखरशाळा_बाई

या चर्चेत एक मुलगी राहून गेली, म्हणून लिहिते.

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या साखर कारखान्यांवर येतात. कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, बैलगाडीवाल्या मजुरांचं गाडी सेंटर सुरू होतं. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला उचल कमी. म्हणून हंगामाच्या आधी पोराचं लग्न उरकतात, आणि गावाकडं वयात आलेली पोरगी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचंही उरकतात. मी ज्या मुलांना शिकवते त्यांच्या मोठ्या बहिणी अशाच गेल्या. एक मुलगी सातवीपर्यंत माझ्याकडं बसायची, कविता तोंडपाठ. पुढच्या हंगामाला आली ती डोक्यावर मोळी घेऊन, कपाळाला ठसठशीत कुंकू. मला बघून हसली आणि पुढं गेली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातली एक. आपण शहरात बसून ‘ती चाल गेली’ म्हणतो तेव्हा या मुली मोजत नाही.

इथं नवरा म्हातारा नाही, तोही एकोणीस-वीसचा पोरगा. काकासाहेब शोधायला गेलं तर सापडत नाही. पण मुलीला विचारलं नाही हे तसंच आहे, आणि पैशाचा हिशोबही तसाच आहे. ज्यांना असं लग्न ठरल्याचं कळेल त्यांनी १०९८ ला फोन करावा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

---

खासबाग_कट्टा

सगळं मान्य, पण सिनेमाचं एवढं कौतुक होतंय तर एक आक्षेप नोंदवतो. शेवट मला पहिल्यापासून खुपतो. काकासाहेबांना उपरती होते, ते जीव देतात आणि चिठ्ठीत नीराला पुन्हा लग्न करायला सांगतात. म्हणजे सबंध सिनेमाभर जी मुलगी स्वतःच्या बळावर झगडली, तिची सुटका शेवटी नवऱ्याच्या मोठेपणातून होते. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो ते काकासाहेबांसाठी. केशवराव दातेंनी काम इतकं अप्रतिम केलंय, की फुटक्या आरशात स्वतःचे तुकडे बघणारा तो म्हातारा मनातून जात नाही. आणि नीरा? तिच्या वाट्याला विधवापण आलं. ज्या समाजानं तिला हे लग्न करायला लावलं, तो जिथं होता तिथंच बसलाय.

दुसरं म्हणजे नीराला बाहेर पडायला वाटच नाही असं सिनेमा धरून चालतो. आजच्या मुलीला हा सिनेमा दाखवून काय सांगायचं? नवरा मरेपर्यंत झगड?

---

वकिलीण_ताराबाईरोड

खासबाग कट्टा यांच्या प्रश्नाला कायद्याच्या बाजूनं उत्तर देते.

नीराला वाट नव्हती हे त्या काळाबद्दल खरं आहे. शारदा कायदा १९२९ चा, त्यानं मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. नीरा त्यापेक्षा मोठी, म्हणजे लग्न कायदेशीर. नवऱ्याच्या वयाला तेव्हाही वरची मर्यादा नव्हती, आजही नाही. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली, सिनेमानंतर दहा वर्षांनी. तेव्हा शांतारामबापूंनी तिला कोर्टात पाठवलं नाही, कारण तिथं तिला काही मिळालं नसतं. आणि नवरा स्वतः वकील दाखवलाय, हे मला फार बोचरं वाटतं. कायदा जाणणारा माणूसच कायद्याच्या आधारानं हे करतो.

आज काय आहे? हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १२. जबरदस्तीनं किंवा फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून किंवा जबरदस्ती संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्यानंतर स्वखुशीनं नवरा-बायको म्हणून राहिलेलं असता कामा नये. नीरा नेमकं हेच करते : कळल्या क्षणापासून बायको म्हणून राहायला नकार. आज ती माझ्याकडं आली असती तर तिची केस उभी राहिली असती. माझ्याकडं येणाऱ्या मुली बहुतेक वेळा वर्ष उलटून गेल्यावर येतात, कारण माहेरचे ‘मूल झालं की सगळं सुरळीत होईल’ म्हणत थांबवून ठेवतात. हा धागा वाचणाऱ्या आईबापांनी ही एक वर्षाची मुदत लक्षात ठेवावी, अशी कळकळीची विनंती.

पण रिळवाला यांनी धाग्याच्या सुरुवातीला जो प्रश्न मांडलाय, तिथं कायदा अजून अडलेला आहे. नव्या भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येत अपवाद कायम आहे : पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीनं केलेला संबंध बलात्कार धरत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो, संरक्षण आदेश मिळतो, पण तो गुन्हा म्हणून नव्हे. म्हणजे १९३७ साली पडद्यावर एक बायको ‘नाही’ म्हणाली, त्या ‘नाही’ला फौजदारी कायद्यात आजही पूर्ण जागा नाही.

---

पंचगंगा_घाट

खासबाग कट्टा, तुमच्या शेवटाबद्दलच्या आक्षेपात तथ्य आहे, पण एक बाजू मांडतो. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा सिनेमा घेतलाय. त्या काळी कुंकू असलेल्या बाईनं नवऱ्याला नाकारणं हेच पुष्कळांना न पचणारं होतं. नवऱ्याला खलनायक केलं असतं तर प्रेक्षक म्हणाला असता, की हा वाईट माणूस, आम्ही असे नाही. काकासाहेब चांगला माणूस आहे, अब्रूदार आहे, आणि तरीही त्यानं अन्याय केलाय. पुरुष प्रेक्षकाला पळायला जागा ठेवली नाही. मिशीला कलप लावताना तो स्वतःला ओळखतो. माझ्या मते हे मोठं काम आहे.

---

खासबाग_कट्टा

काका, पुरुषाच्या अंतःकरणापर्यंत पोहोचणं हे काम आहेच. माझं म्हणणं इतकंच, की तेवढ्यासाठी तिच्या गोष्टीचा शेवट त्याला देऊन टाकला.

---

शिरोळची_सून

नीराचं काम करणाऱ्या शांता आपट्यांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. नीरा इतकी खरी का वाटते? ती स्वतः गाणारी, स्वतःच्या गळ्यानं ‘नाही’ म्हणणारी नटी होती. दोन वर्षांनी प्रभातशी करारावरून वाद झाला तेव्हा ती स्टुडिओच्या फाटकात उपोषणाला बसली. १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातलं शोषण मांडलं. सिनेमा तिच्याबद्दल जेवढं सांगतो त्यापेक्षा जास्त तिनं बाहेर करून दाखवलं. खासबाग दादांना शेवट खुपत असेल, तर नीराचा पुढचा भाग शांताबाईंच्या आयुष्यात बघावा असं मला वाटतं.

---

ऊसपट्टा_कागल

वकिलीणबाई, साखरशाळेच्या बाई, दोघींचं सगळं वाचलं. परत परत वाचलं. त्याच चुलतभावाला एजंटानं एक स्थळ सांगितलंय, पुढच्या आठवड्यात जायचं हाय. पोरगी वीस वर्षांची म्हणतोय. भाऊ अडतीसचा.

काय विचारायचं तिथं गेल्यावर? खरंच सांगा.

---

वकिलीण_ताराबाईरोड

भाऊ, हे विचारलंत ते फार चांगलं केलंत.

पहिलं, एजंटाला बाजूला ठेवून मुलीशी बोला. तिच्याशी एकटीशी, घरातली एखादी बाई सोबत घेऊन, तिच्या भाषेत. ती म्हणू शकेल अशी जागा द्या, की मला हे नको. वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यावरून स्वतः बघा. आधार कार्डाची झेरॉक्स पुरत नाही. तुमचा भाऊ अडतीसचा आहे हे तिला माहीत आहे का, ते तिच्याच तोंडून ऐका. कुठल्याही टप्प्यावर तिच्या बापाला किंवा एजंटाला मुलीपोटी पैसे द्यावे लागत असतील, तर तिथून उठून या. आणि लग्न ठरलंच तर नोंदणी करा, देवळातल्या फोटोवर भागवू नका.

ती ‘नको’ म्हणाली तर भावाला वाईट वाटेल. ते वाईट वाटणं तुम्ही घरच्यांनी वाटून घ्या.

---

साखरशाळा_बाई

आणि जाताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला सोबत नेऊ नका, पहिल्या भेटीला तरी. तुमच्या वहिनीला न्या. मुलगी तिच्याशी बोलेल.

---

ऊसपट्टा_कागल

वहिनीला विचारलं. ती येते म्हणाली. तिनं आधी सिनेमा बघायचा म्हणून भावाला पण बसवलाय, आता चालू हाय.